ताई, त्या रिकाम्या फाइलच्या दिवशी

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीत तुमच्या घरी फराळाला पाहुणे बसले होते आणि तुम्ही आतल्या खोलीत जाऊन पावणेदोन तास माझ्याशी फोनवर बोलत होतात. ठेवताना मी नुसतं "थँक्यू ताई" म्हणालो. तेवढ्यानं माझं भागलं नाही, म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण आमच्या दारव्हा तालुक्यात एकट्यानं लॅपटॉप घेऊन बसणारी पोरं आता बरीच आहेत, आणि लाइन त्यांच्याही घरची जाते.

त्या संध्याकाळी आभाळ गरजलं आणि लाइन गेली. माझ्या लॅपटॉपची बॅटरी कधीचीच बसलेली, तो थेट बोर्डावर चालतो. आमच्या शेतकरी गटाच्या कापसाच्या हिशोबाचा प्रोग्रॅम मी तेव्हाच गिटमध्ये (कोडचा प्रत्येक बदल तारखेसकट जपून ठेवणारं साधन) कमिट केला, म्हणजे नोंदवला होता. एंटर दाबून दोन-चार सेकंद झाले असतील. रात्री लाइन आली. फाइल उघडली तर सगळं जागच्या जागी दिसलं. मी एक ओळ वाढवली, मोबाईल स्लॅबच्या कठड्यावर ठेवून हॉटस्पॉट लावला आणि पुश करायला, म्हणजे नेटवरच्या प्रतीत चढवायला घेतलं. एरर आली: ऑब्जेक्ट फाइल रिकामी आहे, ऑब्जेक्ट करप्ट आहे. ऑब्जेक्ट म्हणजे गिट आत जपून ठेवतं ती एकेक वस्तू. पोळ्यापासून मी पुशच केलं नव्हतं.

कोड परत लिहिता आला असता. पण हमाली कधी किती धरली, ओलाव्याची कपात कोणत्या तारखेला बदलली, हे सगळं त्या इतिहासात होतं. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ओलावा ८ टक्क्यांवर गेला की भाव उतरतो, १२ च्या वर तर माल घेतच नाहीत. एखादे काका मागच्या हंगामाची काटापट्टी घेऊन येतात, "मायेच पैसे कमी काहून?" विचारतात, आणि मी त्या दिवशीचा हिशोब जसाच्या तसा काढून दाखवतो. गटाचा माझ्यावरचा विश्वास त्यावर उभा आहे. त्या रात्री मी जेवलो नाही.

सकाळी मी .गिट फोल्डर, ज्यात हा सगळा इतिहास असतो, तेच उडवून नव्यानं सुरू करणार होतो. तुम्ही आधी एवढंच म्हणालात, "काहीही डिलीट करू नको. अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घे, मग बोलू." ताई, ते वाक्य नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

मग तुम्ही गिट एफएससीके चालवायला सांगितलं. ही कमांड काही दुरुस्त करत नाही, फक्त तपासते, म्हणून आधी तीच, असं तुम्ही बजावलंत. गिट प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून ४० अक्षरी ओळख काढतं. मजकूर आणि ओळख जुळते का, आणि एकमेकांना जोडलेल्या सगळ्या वस्तू जागेवर आहेत का, हे ती एकेक करून बघते. स्क्रीनवर "डँगलिंग" अशा सात-आठ ओळी आल्या आणि मी घाबरलो. तुम्ही म्हणालात, त्या वहीत न चढवलेल्या काटापट्ट्या समज. कुणी त्यांच्याकडे बोट दाखवत नाही, पण त्या खोट्या नाहीत. खरी अडचण एकच होती. ती रिकामी फाइल बाजूला काढून पुन्हा तपासलं, तर "मिसिंग ब्लॉब" (ब्लॉब म्हणजे एखाद्या फाइलचा जपलेला मजकूर) आणि कोणत्या ट्रीमधून, म्हणजे फाइलींच्या नावांच्या यादीतून, दुवा तुटलाय ते आलं. ट्री उघडून बघितल्यावर नाव सापडलं: कपातीची फाइल. ती तर माझ्या डोळ्यांसमोर उघडी होती!

हॅश-ऑब्जेक्ट या कमांडनं तिची ओळख काढली, जुळली नाही. मी रडकुंडीला आलो. तुम्ही शांतपणे विचारलंत, "लाइन आल्यावर हिला हात लावलास का?" रात्री वाढवलेली ओळ काढली, तरी जुळेना. मग तुम्ही शेवटची रिकामी ओळ बघायला लावलीत. ती काढली आणि चाळीसच्या चाळीस अक्षरं जुळली. तीच कमांड डॅश-डब्ल्यू लावून चालवली, हरवलेला ब्लॉब परत तयार झाला. पुढच्या एफएससीकेत डँगलिंग सोडून काही उरलं नाही. मी जोरात ओरडलो, ते तुम्ही ऐकलंच असेल.

असं का झालं, हेही तुम्ही सांगितल्याशिवाय फोन ठेवला नाहीत. सुटा ऑब्जेक्ट डिस्कवर पक्का उतरला का, याची गिट आपणहून वाट बघत नाही. तशी वाट बघायला लावणारी, २०२२ मध्ये गिटच्या २.३६ आवृत्तीत आलेली कोअर.एफसिंक ही सेटिंग माझ्या उबंटूवर तुम्ही तेव्हाच 'ऑल' करायला लावलीत. वेग थोडा कमी झालाय, पण मला चालतो.

आता रोज संध्याकाळी काम आवरताना मी एफएससीके चालवतो, आणि शनिवारी न चुकता पुश. गटाचा पहिला वेचा काट्यावर गेला तेव्हाचा हिशोब त्याच फाइलवर झाला.

आईला मी सगळं सांगितलं. तिला ब्लॉब कळला नाही, पण ती म्हणाली, "पाहुणे सोडून तुयासाठी बसली ती पोरगी, तिले जेवाले बोलाव." तुरीच्या शेंगा भरल्या की कळवतो. नक्की या.

तुमचा धाकटा भाऊ