देणगी मिळते हो, पण दुसऱ्या फळीचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात देणगीच्या बातम्या नेहमी येतात, मोठा चेक हातात धरलेला फोटो, खाली आकडा आणि देणाऱ्याचं नाव. छानच आहे, ते बघून आणखी चार जणांना द्यावंसं वाटतं. पण त्या पैशावर काम करणारी माणसं कशी तयार होतात आणि आत्ताची थकली की पुढे कोण, हे कुणी विचारतच नाही, म्हणून हे पत्र लिहितोय.

मी नोकरी सांभाळून एका छोट्या संस्थेचे हिशोब बघायचो, जवळजवळ नऊ वर्षं. संस्थापक बाई अफाट कष्टाळू, पण देणगीदारांचे नंबर त्यांच्याच मोबाइलमध्ये, कुठल्या ऑफिसात कुणाशी कसं बोलायचं ते त्यांच्याच डोक्यात. त्या आजारी पडल्या आणि सहा महिन्यांत काम बंद झालं. पैसे संपले म्हणून नाही, बँकेत वर्षभर पुरतील एवढे पैसे होते! रिपोर्ट कोण लिहिणार, देणगीदारांना भेटायला कोण जाणार, निर्णय कुणी घ्यायचा, हेच आम्हाला कळेना. आम्ही चार-पाच जण इतकी वर्षं तिथे होतो पण आम्हाला कधी मीटिंगला सोबत नेलं नाही, आणि आम्हीही कधी "आम्ही येतो" म्हणालो नाही, याची रुखरुख मला अजून आहे.

लीडरशिप ट्रेनिंग म्हटलं की दोन दिवसांचं वर्कशॉप, जेवण, सर्टिफिकेट, झालं. माणूस असा घडत नाही. त्याला सोबत न्यावं लागतं, एखादं छोटं बजेट त्याच्या हातात द्यावं लागतं, चुकलं तर चारचौघांत न बोलता नंतर शांतपणे बसून कुठे चुकलं ते बघावं लागतं, आणि हे वर्ष-दोन वर्षं चालतं. सगळ्यात अवघड म्हणजे मोठ्या माणसाने स्वतःची खुर्ची थोडी मागे घ्यायची.

बांगलादेशातल्या ब्रॅक या सामाजिक संस्थेचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. फजले हसन आबेद यांनी 1972 मध्ये ती सुरू केली. 1980 नंतर त्यांच्या महिला कार्यकर्त्या दारोदार जाऊन आयांना मीठ, गूळ आणि पाणी वापरून जुलाबावरचं औषध घरीच करायला शिकवायच्या, आणि त्यांचा पगार किती घरं केली यावर नाही तर नंतर तपासणीत त्या आयांना किती आठवतंय यावर ठरायचा! म्हणजे समोरच्याला खरंच आलं पाहिजे, नुसतं सांगून उपयोग नाही. आणि आबेद यांनी 2019 च्या ऑगस्टमध्ये अध्यक्षपद सोडून जबाबदारी दुसऱ्यांकडे दिली, त्याच डिसेंबरात ते गेले, पण संस्था थांबली नाही.

एकत्र काम करण्याचं म्हणाल तर पोलिओ बघा. 1988 मध्ये जागतिक मोहीम सुरू झाली तेव्हा वर्षाला साधारण साडेतीन लाख मुलं लुळी होत होती, आता रुग्ण 99 टक्क्यांहून जास्त कमी झालेत. रोटरीने पैसा आणि स्वयंसेवक दिले, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि सरकारं आपापल्या कामाला लागली, कुणी एकटा हे करू शकला नसता. आपल्याकडच्या छोट्या संस्था मात्र एकाच देणगीदाराच्या दारात एकमेकींशी स्पर्धा करत उभ्या. दोघींनी मिळून एक अकाउंटंट ठेवला, एकीच्या अनुभवी बाईंनी दुसरीच्या नव्या मुलीला वर्षभर हाताशी घेतलं, तर काय बिघडेल?

यात देणगीदारांनीही जरा बदलायला हवं. पैसा सगळा "प्रत्यक्ष कामावर" गेला पाहिजे, पगार आणि ट्रेनिंगवर नको, असं म्हणतात, मग संस्था तरुण मुलांना नीट पगार देऊ शकत नाही, ती दोन वर्षांत सोडून जातात आणि आपणच म्हणतो नवी पिढी टिकत नाही! ज्यांना पैसे देणं जमत नाही त्यांनी वेळ द्यावा. रिटायर झालेला बँकवाला, शिक्षक, इंजिनिअर यांनी आठवड्यातले दोन तास एका तरुण कार्यकर्त्याला दिले तरी त्याचं खूप होतं, फक्त जाऊन हुकूम सोडू नये, आधी ऐकावं.

आणि संपादक साहेब, एक विनंती. देणगीची बातमी छापाल तेव्हा त्या संस्थेत पुढची पाच वर्षं काम कोण बघणार आहे, ते नाव आणि त्या मुलाचा किंवा मुलीचा फोटोही छापा ना.

आपला,
एक नियमित वाचक