तीन मिनिटांचं एक मिनिट झालं

कॅलिफोर्निया,
रविवार, रात्री

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडं नगरपालिकेत निवेदन दिलं तर पोच देतात का?" मी हसले, तेवढ्यात आईनं फोन घेतला आणि उत्तर राहून गेलं. इथं निवेदनापेक्षा वेगळंच प्रकरण आहे, अण्णा. इथं उभं राहून बोलावं लागतं. मी दोनदा बोलले. पहिल्यांदा माझी फजिती झाली.

आमचं हे गाव सॅन होजेच्या शेजारी आहे. चिनूच्या शाळेसमोरचा रस्ता ओलांडायला सिग्नल नाही. सकाळी आठला गाड्या अशा येतात, की पोराचा हात धरून मी पाच-पाच मिनिटं उभी. शेजारीण म्हणाली, मंगळवारी सिटी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, सभेत जाऊन सांग. मला वाटलं, मी ना इथली नागरिक, ना मतदार, व्हिसावर राहणारी बाई. मला कोण बोलू देईल? पण इथल्या कायद्यात शब्द 'जनता' असा आहे. सभेला आलेला कुणीही बोलू शकतो. नुसतं आत येऊन बसायला नाव-गाव लिहून द्यायची सक्तीसुद्धा करता येत नाही.

मी रात्रभर जागून भाषण लिहिलं. तुमचीच लेक. सुरुवात 'आदरणीय महापौर, सन्माननीय सदस्य आणि उपस्थित बंधू-भगिनींनो' अशी. सभागृहात ना व्यासपीठावर हार, ना दीपप्रज्वलन, ना प्रास्ताविक. समोर एक घड्याळ. प्रत्येकाला तीन मिनिटं म्हणून ऐकलं होतं, पण त्या दिवशी कुठल्याशा इमारतीच्या भांडणापायी गर्दी झाली आणि महापौर बाईंनी वेळ एक मिनिटावर आणली. तसं करायचा त्यांना अधिकार आहे. माझं 'बंधू-भगिनींनो' होईस्तोवर वीस सेकंद गेले. सिग्नलपर्यंत पोचले तोच दिवा लाल. "थँक यू," म्हणाल्या आणि पुढचं नाव पुकारलं. एकानंही एक प्रश्न विचारला नाही. मला तर वाटलं, अपमान केला.

शेजारी एक म्हातारी बसली होती. दर मंगळवारी येते म्हणे, स्वेटर विणत ऐकते. तिनं समजावलं. सिग्नलचा विषय त्या दिवशीच्या अजेंड्यावर नव्हता. अजेंड्यावर नसलेल्या गोष्टीवर आलेला माणूस बोलू शकतो, पण सदस्यांना त्यावर चर्चा किंवा निर्णय करायला कायद्यानंच मनाई आहे. फार तर अधिकाऱ्याला बघायला सांगतील. कारण ज्यांना तो विषय येणार हे ठाऊकच नव्हतं, त्यांच्या माघारी ठराव होऊ नये. हे ऐकल्यावर माझा राग थोडा उतरला. थोडाच.

सभांचा हा कायदा 1953 सालचा, राल्फ ब्राउन नावाच्या आमदाराच्या नावानं ओळखला जातो. त्याच्या आधीच्या वर्षी एका वर्तमानपत्रानं दहा भागांची मालिका छापली होती, नगरपालिका आणि काउंटीचे (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचे) लोक दाराआड बसून कसे निर्णय उरकतात यावर. त्यातून हा कायदा आला. नेहमीच्या सभेचा अजेंडा निदान 72 तास आधी लावावा लागतो. म्हणजे मंगळवारी संध्याकाळची सभा असेल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत. दाराबाहेर कागद चिकटवतात आणि इंटरनेटवरही टाकतात. मग मी शनिवारचा नादच लावून घेतला. दळण आणायला जावं तसा अजेंडा वाचायचा. दोन महिन्यांनी रस्त्यांच्या कामांच्या खर्चाचा विषय आला. सदस्यांनी त्यावर मत देण्याआधी माझा नंबर. या खेपेला फक्त चार वाक्यं होती: शाळा कोणती, वेळ कोणती, किती पोरं, आणि या यादीत आमचा चौक घ्या. बंधू-भगिनी घरीच ठेवले.

झालं काय? सिग्नल नाही झाला अजून. पण एक इंजिनीअर येऊन दोन सकाळी गाड्या मोजून गेला. तिसऱ्या सकाळी मीच त्याची वाट बघत होते.

आईला सांगा, त्या दिवशी एक चिनी आजीबाई दुभाष्याला घेऊन आल्या होत्या. दुभाषा असला की निदान दुप्पट वेळ द्यावा लागतो. आई इकडं आली तर मराठीत बोलेल आणि तिला दुप्पट वेळ. महापौर बाईंचं काय होईल ते होवो.

आता आपल्याकडचं. काकांच्या खेड्यात कसं, मतदार यादीत नाव असलं की ग्रामसभेत उभं राहून सरपंचाला विचारता येतं. कोरम नाही भरला तर तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, मग पारावर बसलेल्या चौघांत ठराव पास, हे तुम्हीच हसून सांगायचात. पण हक्क तर आहे. तुम्ही तालुक्याच्या गावात राहायला आलात आणि तो हक्क गेला. नगरपरिषदेच्या सभेत बसून ऐकता येतं, बोलायचं ते नगरसेवकानं. 2009 साली शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आली, वॉर्डातल्या मतदारांनी नगरसेवकासमोर बसायचं. आपल्या गल्लीत तशी सभा झालेली मी काही पाहिली नाही. मधली कितीतरी वर्षं तर नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते.

2016 ला मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तेव्हा टँकरच्या रांगेत बायका किती पोटतिडकीनं बोलायच्या. त्यांच्या निम्मंसुद्धा मला त्या माइकसमोर जमलं नाही. बोलणं आपल्याकडं भरपूर आहे हो, ते घ्यायला समोर कुणी बसत नाही.

म्हणून माझं एक ऐका. तुमच्या निळ्या फाइलमध्ये पोचेचे शिक्के मारलेली पाण्याची निवेदनं ठेवायलात, ती असू द्या. पण पुढच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका आधी मिळवा. देत नसले तर माहितीच्या अधिकारात मागचे अजेंडे आणि इतिवृत्तं मागा. पाण्याचा विषय कितव्या नंबरावर आहे, कधी आला, कोण काय बोललं ते बघा. मग नगरसेवकाच्या घरी दोन-चार जण जा आणि त्यालाच त्या नंबरावर बोलायला लावा. क्षेत्रसभा कधी घेणार, हेही लेखी विचारा. एकटे जाऊ नका, तुमचा बीपी वाढतो. जोशी सरांना न्या, ते कमी बोलतात.

चिनूला खोकला होता, आता बरा आहे. आईनं मेतकूट पाठवते म्हणून सांगितलं होतं, पण ते डब्यात नको, पिशवीत पाठवा. मागच्या खेपेला डब्याचं झाकण निघून सगळे कपडे पिवळे झाले होते.

अजेंडा हाती आला की फोटो काढून पाठवा. शनिवारी सकाळी मी रिकामीच असते.

तुमची,
ताई