फुई आणि लाल टेबल

ओस्लो, रविवार

ती. आप्पा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

आप्पा, तुम्ही फोनवर हसलात, "चित्रं पाहायलाही तिकीट लागतं का?" लागतं. मी तर एकाच चित्रासाठी दोनदा काढलं. फोनवर सांगायला घेतलं की आईचं "जेवलीस का" मध्ये येतं, म्हणून लिहायला बसले.

चित्र इथल्याच, नॉर्वेच्या एडवर्ड मुंकचं, १९०० च्या सुमाराचं. नाव 'मेलान्कोली', म्हणजे विषण्णता. त्यात त्याची धाकटी बहीण लॉरा आहे. काळ्या कपड्यांत, खोलीच्या कोपऱ्यात, हात मांडीत. डोळे उघडे, पण नजर कशावरच नाही. पुढ्यातलं टेबल मात्र लालभडक, कातडी सोलल्यासारखं. आई, तू म्हणशील, असं टेबल कुठं असतं? नसतंच. वस्तू दिसते तशी काढायची नाही, तिच्याजवळ बसल्यावर पोटात जे कालवतं ते रंगात उतरवायचं, हा मुंकसारख्या चित्रकारांचा हट्ट. नाझींना तो इतका खुपला की १९३७ साली त्यांनी जर्मनीतल्या संग्रहालयांतून मुंकची ८२ चित्रं काढून टाकली.

मुंक पाच वर्षांचा असताना त्याची आई क्षयाने गेली, १८७७ मध्ये थोरली बहीण सोफी त्याच रोगाने. लॉरा जगली, पण तिचं मन आजारी. भावाने तिला बरी करून, हसरी करून नाही काढली. बसली होती तशी बसू दिली.

मला तिथे आपली फुई दिसली. आप्पा, तुमची बहीण.

आखाजीच्या सणाला माहेरी आली आणि परत गेलीच नाही, ते वर्ष. मी सात-आठ वर्षांची असेन. भाव नाही म्हणून कापूस अजून मागच्या खोलीतच भरलेला. बाहेर निंबाला झोके, पोरींची गाणी, आणि ही त्या कापसाला टेकून खिडकीपाशी. मी विचारलं तर म्हणाली, "काही नही वं." तुम्ही सगळे म्हणायचात, राहू द्या, तिचा स्वभावच तसा आहे. (मीही पुढे तेच म्हणायला लागले.) माझ्या लग्नात फोटोवाल्यासमोर आप्पा तिला म्हणाले, "हस वं जरा." ती हसली. अल्बममध्ये त्या फोटोतली बाई मला ओळखू येत नाही.

इथे रविवारी एका क्लासला जाते, हे सांगितलं नव्हतं. फुईला काढायला घेतलंय. चेहरा हिरवट झालाय, तो तसाच ठेवणार. पण कापूस जमत नाही. पांढरा केला की खोटा दिसतो.

आई, एक काम कर. दुपारी तिच्याजवळ बस आणि त्या वर्षी ती कोणती साडी नेसायची ते विचार. मी चित्र काढतेय हेही सांग. नको म्हणाली तर थांबेन. आप्पा, तुम्ही विचारू नका. तुम्ही तिला हसायला लावाल.

तुमची,
ताई