स्मार्ट कचरापेटीची परीक्षा घरच्या कचऱ्यावर व्हावी

महोदय,

ओला-सुका कचरा आपोआप वेगळा करणारी सेन्सरयुक्त कचरापेटी अभियांत्रिकीचे विद्यार्थी मोठ्या हौसेने बनवतात आणि हे प्रयत्न कौतुकास्पदच आहेत. इंडक्टिव्ह सेन्सर धातू ओळखतो, आर्द्रतेचा सेन्सर ओलावा मोजतो आणि मोटर झडप योग्य कप्प्याकडे कलती करते. मात्र एका वेळी एकच सुटी वस्तू पडेल, असे त्यात गृहीत धरलेले असते. आमच्या ऐरोलीतल्या घरांत भाजीची देठे प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून टाकली जातात, तर दुधाची रिकामी पिशवी ओलीच असते; पहिली सुक्यात आणि दुसरी ओल्यात जाण्याची शक्यता अधिक. सॅनिटरी पॅड व डायपरची बाब तर याहून गंभीर आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत ते नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकण्यास सांगितले होते. केवळ ओलाव्यावर विसंबणारी पेटी मात्र ते खतासाठीच्या कचऱ्यात ढकलू शकते. त्यांच्यासाठी बटणाने उघडणारा स्वतंत्र कप्पा ठेवावा आणि महापालिकेने अशा पेट्या घेण्यापूर्वी एखाद्या सोसायटीत, सफाई कामगारांच्या देखत, त्यांची चाचणी घ्यावी.

– एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई