ताई, आईलाही वाचून दाखव

प्रिय ताई,

आईला आणि भाऊजींना नमस्कार सांग. आम्ही सगळे मजेत आहोत, तब्येती ठणठणीत आहेत, इथे ब्रिटनमध्ये थंडी पडलीये पण घरात हीटिंग असतं तेव्हा आईने उगाच काळजी करू नये. रोजचं काय चालतं ते तुला माहितीच आहे, ते परत लिहीत नाही. पत्र लिहायला बसले कारण परवा फोनवर तू म्हणालीस की अनोळखी बायकांना दोन-दोन पानी मेल लिहितेस आणि आम्हाला व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा. लागलं ते मला. तेव्हा समोर माझ्या नव्या पुस्तकाची प्रूफं, म्हणजे छापण्याआधी तपासायची पानं, पडली होती, धड बोलता आलं नाही, म्हणून आता सविस्तर लिहिते. आईला वाचून दाखव, मधलं काही गाळावंसं वाटलं तर तुझं तू ठरव, पण मला विचारशील तर गाळू नकोस.

त्या बायका माझ्या वाचक आहेत गं. तुला माहितीये मी कोणाबद्दल लिहिते, पंचेचाळीस ते साठच्या बायका, मुलं घराबाहेर पडलेली, आईवडील थकलेले, पाळी जायला आलेली किंवा गेलेली आणि आता माझं काय हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच पडलेला. अशा बाईने पुस्तक वाचलं की ती नुसतं मिटून ठेवत नाही, तिला काहीतरी सांगायचं असतं आणि सांगायला घरात कोणी नसतं. मी महिन्यातून एकदा न्यूजलेटर पाठवते, त्यात शेवटी एखादा साधा प्रश्न विचारते. एकदा विचारलं होतं की घरात फक्त तुमची अशी जागा कोणती? एकीने लिहिलं, गाडी. ती ऑफिसातून आल्यावर घरासमोर इंजिन बंद करून दहा मिनिटं तशीच आत बसते, फोनही बघत नाही, आणि घरच्यांना वाटतं ट्रॅफिक लागलं असेल. आता हिला मी अंगठा पाठवू का सांग. तिला सावकाश उत्तर लिहिलं, मग तिची परवानगी घेऊन ती दहा मिनिटं नव्या पुस्तकात घातली. माझं काम असंच चालतं ताई, तुला वाटतं ते सगळं गप्पा मारणं आहे पण त्यातूनच पुढचं पुस्तक उभं राहतं.

मागे एकदा 18 ऑक्टोबरला, त्या दिवशी जागतिक मेनोपॉज दिन असतो, एका लायब्ररीने मला बोलावलं होतं. मुलांच्या पुस्तकांच्या कोपऱ्यात गोल करून खुर्च्या मांडलेल्या, वीस-पंचवीस बायका, आणि एक सत्तरी उलटलेल्या बाई मोठ्या टायपातलं माझं पुस्तक घेऊन आल्या होत्या (इथे लायब्ररीत म्हाताऱ्या माणसांसाठी मोठ्या अक्षरातल्या आवृत्त्या असतात, आईला अशी पुस्तकं मिळायला हवीत असं मला फार वाटतं). त्यांनी एका पानात बसचं तिकीट घालून ठेवलेलं. ते पान उघडून त्यांनी दोन ओळी वाचल्या. माझी नायिका पहाटे तीनला घामाने भिजून उठते आणि नवऱ्याला जाग येऊ नये म्हणून अंधारातच स्वतःच्या बाजूची चादर बदलते, एवढंच आहे त्यात. वाचून त्या म्हणाल्या, मी हे कित्येक वर्षं केलं, तेव्हा कोणी बोलायचं नाही, मला वाटायचं मला काहीतरी भयंकर आजार झालाय. मग शेजारची बोलायला लागली, मग तिच्या शेजारची. मी वाचायचा म्हणून तयारी करून नेलेला भाग तसाच राहिला आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. पन्नाशीची बाई म्हणजे एकटीने प्रवासाला निघते आणि आयुष्य पालटून टाकते, असंच दाखवायचं हे मला पटत नाही. बहुतेकींचं आयुष्य पालटत बिलटत नाही, त्या रात्री उठून बसतात आणि सकाळी कामाला जातात, आणि कोणीतरी ते बघितलंय एवढं कळलं तरी त्यांना पुरतं.

त्याच बाईंनी नंतर मला लिहिलं की तुमची नायिका मुलीला फार लवकर माफ करते, आया इतक्या लवकर माफ करत नाहीत, तसं नुसतं दाखवतात. मी बरेच दिवस त्यावर विचार करत होते. नव्या पुस्तकातली आई आणि मुलगी शेवटपर्यंत पूर्ण मोकळं बोलत नाहीत.

आता इथली एक पद्धत सांगते, भाऊजींना मुद्दाम वाचून दाखव, कारण पुस्तकं लिहून पोट भरतं का हे तेच सारखं विचारतात. इथे लोक लेखकाला भेटले की अगदी आनंदाने सांगतात, तुमचं पुस्तक विकत नाही घेतलं हं, लायब्ररीतून आणलं! आणि लेखक मनापासून थँक्यू म्हणतो. सुरुवातीला मला कळेचना की हे कौतुक आहे की काय आहे. तर त्याचं असं आहे की इथे लायब्ररीतून पुस्तक गेलं की लेखकाला पैसे मिळतात. वाचक देत नाही, लायब्ररीही देत नाही, सरकार देतं. कायदाच आहे 1979 चा, पब्लिक लेंडिंग राइट म्हणतात, ब्रिटिश लायब्ररी त्याचं काम बघते. देशातल्या सगळ्या लायब्रऱ्या मोजत नाहीत, काही ठरावीक भागांतल्या लायब्रऱ्यांचे आकडे घेतात, जुलै ते जूनचे, त्यावरून देशभराचा अंदाज काढतात आणि वर्षातून एकदा खात्यात पैसे येतात. पुस्तक एकदा नेल्याचे काही पेन्सच मिळतात, आणि कितीही गाजलेला लेखक असला तरी वर्षाला 6,600 पौंडांच्या वर मिळत नाही, म्हणजे मोठ्यांनी सगळं नेलं असं होत नाही. 2018 पासून ई-बुक आणि ऑडिओबुकही धरतात. आणि नागरिक असायची अट नाही, इथे राहत असलं की झालं. हे फुकट मिळालेलं नाहीये, जॉन ब्रॉफी नावाच्या लेखकाने 1951 मध्ये ही कल्पना मांडली, पुढे त्यांची मुलगी ब्रिजिड ब्रॉफी आणि मॉरीन डफी या दोघी लेखिका वर्षानुवर्षं भांडल्या तेव्हा कायदा झाला. बापाचं राहिलेलं काम लेकीने पुरं केलं हे मला फार आवडतं. आणि लेखक गेल्यावर पुढे 70 वर्षं हे पैसे वारसाला मिळतात, म्हणजे माझ्यामागे पोरीला मिळतील. भाऊजींना सांग, पेन्शन नाही म्हणतात ना, ही घ्या.

एकटी बसून लिहिते त्याची आईने काळजी करू नये. मी एकटी नसते. नोकरीत होते तेव्हा दिवसभर माणसांत होते पण मनातलं कोणाशी बोलत नव्हते, आता उलटं आहे. ऑनलाइन कोणी वाईट लिहिलं तर मी उत्तर देत नाही, वाचून सोडून देते, झोप उडत नाही माझी. आणि मावशीने आईला जे सांगितलं ना की पुस्तकात आपल्या घरातल्या गोष्टी आहेत, ते साफ चूक आहे. पुस्तकातली आई आपली आई नाही. उशाखाली किल्ल्या ठेवून झोपायची सवय तेवढी आईची घेतलीये, बाकी काही नाही, आणि त्याच पानाबद्दल मला सगळ्यात जास्त पत्रं येतात. कितीतरी जणींनी लिहिलंय की आमची आई पण असंच करायची आणि आता त्या किल्ल्या आमच्याकडे आहेत. हे आईला नीट वाचून दाखव.

बाकी पैशाचं. प्रकाशकाचा ॲडव्हान्स एकदम येत नाही, हप्त्यांत येतो, सही केल्यावर, लिहून दिल्यावर आणि छापून आल्यावर. आता छापून आल्यावरचा हप्ता यायचाय, तो आला की आईच्या दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन करून टाकू. सगळा खर्च मी देणार, भाऊजींना म्हणावं यात तुम्ही मधे पडू नका. पहिल्या वेळी तू तीन आठवडे सुट्टी काढलीस, रात्री हॉस्पिटलच्या त्या बाकावर झोपलीस आणि मला फोटो पाठवलास तो हसताना. मी तेव्हा पुस्तकाची डेडलाइन गाठत होते. यावेळी तारीख मला विचारून घ्या म्हणजे मी तिथे असेन, आणि तू घरी झोपशील.

तुझ्या मोठीच्या लग्नाचं ऐकून फार आनंद झाला. मुलगा फोटोत तरी शांत वाटतो, तिला आवडलाय ना तेवढं बघ, बाकी सगळं जुळतं. लग्नाला मी पंधरा दिवस आधी येते, सुट्टी कोणाकडे मागायची नाहीये आता. फक्त साखरपुड्याचं जमणार नाही गं. इथे पुस्तकं गुरुवारी बाहेर पडतात आणि माझं नेमकं त्याच आठवड्यातल्या गुरुवारी आहे, शुक्रवार शनिवार दोन गावांत कार्यक्रम ठरलेत, तिकिटं विकली गेलीत, बायका लांबून येणार आहेत. मी बदलायचा प्रयत्न केला. व्हिडिओ कॉलवर असेन सकाळपासून, फोन कोणाच्या तरी हातात दे, टेबलावर ठेवू नकोस. मोठीला मी वेगळं लिहितेय, ती रुसली असेल तर रुसू दे, मी आल्यावर बघते.

तुझी,
धाकटी

ता. क. तुझं बँकेचं नवीन खातं झालं म्हणालीस, त्याचा नंबर आणि आयएफएससी कोड पाठव, जुन्या खात्यावर पाठवले तर परत येतील. आणि आईला मोठ्या टायपातलं पुस्तक पाठवलंय, इंग्रजीत आहे, तरी तिच्या खोलीत ठेव.