अकरांतल्या पाचच ठेवल्या, त्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबांच्या कमरेत उसण भरली त्या आठवड्यात, तुम्हा दोघांपैकी कोणालाही न विचारता, मी अकरांपैकी सहा कोंबड्या मावशीच्या आवारात नेऊन सोडल्या. फोनवर आई "बरं केलंस" एवढेच म्हणाली. त्या "बरं"चा अर्थ मला शाळेत असल्यापासून कळतो, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

अंड्यावरची कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते आणि सुमारे पाव लिटर पाणी पिते, कडक उन्हात त्याच्या दुप्पटही पिते. अकरा जणींचे महिन्याचे खाद्य ४० किलोच्या आसपास जाते आणि ते पोते कोण उचलत होते, हे मी लिहायला नको. पाच जणींना १८ किलो पुरतात. ते दोन झाकणाच्या डब्यांत भरून ओट्याच्या उंचीवर ठेवले आहे, म्हणजे वाकायचे काम नाही आणि उंदरांचाही प्रश्न नाही. तिन्ही तरुण तलंगा आता अंड्यावर आल्या आहेत. प्रत्येकीने आठवड्याला चार-पाच अंडी दिली तरी तुम्हा दोघांना खाऊन शेजारी देण्याइतकी होतील. काळी अधूनमधून देते. भुरी जवळजवळ देतच नाही, पण तिला पाठवण्याचा विचारही माझ्या मनात आला नाही आणि त्याचे कारण आपल्या तिघांनाही ठाऊक आहे.

सहा जणी एकदम गेल्यामुळे उरलेल्यांत मानाची उतरंड नव्याने लागेल. आठ-पंधरा दिवस टोचाटोची होईल, अंडीही कमी होतील. रक्त दिसले तरच मध्ये पडा, कारण रक्त दिसले की बाकीच्याही तिथेच टोचत राहतात. अशा वेळी जखमी कोंबडी वेगळी ठेवावी, पण जाळीतून बाकीच्या तिला दिसत राहतील अशी, म्हणजे परत सोडल्यावर फारसे भांडण होत नाही.

खुराड्यात मी जे बदल केले ते बाबांना आवडणार नाहीत, तरी तसेच राहू द्यावेत. ते पायांवर उचलून घेतले आहे आणि अंडी घालायच्या पेट्यांना बाहेरून झाकण बसवले आहे, त्यामुळे उभ्या उभ्या अंडी काढता येतील. चार-पाच कोंबड्यांना एक पेटी पुरते. मी दोन केल्या, पण सगळ्या एकीसाठीच रांग लावतील हे मला माहीत आहे. बसायची दांडी पेट्यांपेक्षा उंच आहे. ती खाली घेऊ नका, नाहीतर कोंबड्या रात्री पेटीत झोपून ती घाण करतात. दांडीखाली सरकता ट्रे आहे. रात्रीची बहुतेक विष्ठा त्यात पडते, तो रोज सकाळी ओढून घेतला की मोठी सफाई क्वचितच करावी लागते. बाहेरची जुनी षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण मुंगूस किंवा कुत्र्याला अडवत नाही. म्हणून अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावली असून ती जमिनीत फूटभर गाडली आहे. त्या पावसाळ्यातल्या सकाळसारखी सकाळ आईने पुन्हा पाहू नये, एवढेच माझ्या मनात होते.

बाबा, आता तुमच्या खोकल्याविषयी. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ फुप्फुसाला चांगली नाही, म्हणून ट्रे झाडण्यापूर्वी पाण्याचा हलका फवारा मारावा आणि मास्क लावावा. "इतकी वर्षे काही झाले नाही" हे उत्तर मी ऐकून घेणार नाही. लाकडाच्या भुशाची गादी बोटभर नव्हे, चांगली चार बोटे जाड हवी. मूठभर भुसा दाबून पाहा: मूठ उघडल्यावर तो सुटला तर ठीक, गोळा राहिला तर ओला भाग काढून नवा भुसा टाका. नाकाला अमोनिया झोंबू लागला तर कोंबड्यांना त्याचा त्रास आधीच सुरू झाला आहे असे समजावे. वरच्या झरोक्यांना थंडीत पोती लावू नका, कारण कोंबडीला थंडीपेक्षा कोंदट ओल जास्त बाधते.

आईची तक्रार आहे की तलंगांतली तुरेवाली मधेच एक दिवस अंडे चुकवते. त्यात तिचा दोष नाही. एक अंडे तयार व्हायला साधारण २५ तास लागतात, त्यातले वीसेक तास कवच चढण्यात जातात, त्यामुळे रोजचे अंडे थोडे उशिरा येत जाते आणि शेवटी एक दिवस सुटतो. कवच बरेचसे रात्री चढते आणि त्याला सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम लागते, म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवावा, ज्या त्या कोंबडीला हवा तितका ती खाते. तो खाद्यात मिसळू नये, भुरीला त्याची गरज नाही. उन्हाळ्यात कवच पातळ झाले तर घाबरू नका. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापते आणि त्या धापण्याने कवचाचे काम बिघडते, म्हणून दुपारी सावली आणि गार पाणी एवढे सांभाळावे. पिसे गळू लागली आणि अंडी थांबली तर तो बहुधा आजार नसतो. पिसे बदलायला दोन-तीन महिने लागतात.

मी लहान असताना बाबा पहाटे खुराड्यातून ताजे अंडे आणून माझ्या मिटलेल्या पापणीवर टेकवत असत. ती ऊब मला अजून आठवते. पण आता, बाबा, अंडे हाताळल्यावर साबणाने हात धुवायचेच. धडधाकट कोंबडीच्या अंगावरही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो आणि या वयात तो अंगावर काढण्यासारखा नाही. खुराड्याच्या चपला दाराबाहेर राहतील. आई, तू अंडी गार पाण्याने धुऊन ठेवतेस ते बंद कर: कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात, गार पाण्याने आतला भाग आकसतो आणि बाहेरची घाण आत ओढली जाते. कोरड्या फडक्याने पुसून टोकाची बाजू खाली करून ठेव.

एखादी शेपूट पाडून ताठ उभी राहिली आणि कुंथत असेल, तर अंडे अडकले असण्याची शक्यता आहे. तिला पंधरा-वीस मिनिटे कोमट पाण्यात बसवावे, आणि काही तासांत सुटका झाली नाही तर पशुवैद्यांना बोलवावे. घरातली गोळी अर्धी करून कोणालाही द्यायची नाही. औषध दिल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत हेही त्यांनाच विचारावे. एकदम दोन-तीन दगावल्या तर हात न लावता त्यांनाच कळवावे. काळी खुडूक झाली, म्हणजे उबवायला पेटीत बसूनच राहिली, तर तिला तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात दाणा-पाण्यासह तीन-चार दिवस ठेवले की उठते. पाण्यात बुडवायची नाही, आई.

कोणी प्रेमाने कोंबडी आणून दिली तर महिनाभर वेगळी ठेवल्याशिवाय आत सोडू नये. खरे तर घेऊच नये. मावशीकडच्या सहा जणी दाणे टिपत आहेत. तुम्हाला पाहायच्या असतील तेव्हा मी घेऊन जाईन, परत आणायला मात्र नाही.

पुढच्या महिन्यात येईन तेव्हा खुराड्याचे पाय आणखी वीतभर उंच करता येतील. पेटीच्या झाकणापर्यंत हात कमरेला ओढ न बसता पोहोचतो का, ते बाबांनी एकदा उभे राहून पाहून ठेवावे.

तुमची,
धाकटी