'सिद्ध करा'ची गणितं पाठ करून घेऊ नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

दहावीच्या प्रिलिम जवळ आल्या की राजारामपुरीतल्या क्लासमध्ये पोरं एकच विचारतात, सर त्रिकोणमितीची 'सिद्ध करा' वाली गणितं पाठ केली तर चालतंय काय. म्हणून हे पत्र.

आता पोरं लिहितात काय बघा. जे सिद्ध करायचंय तेच पहिल्या ओळीत खरं धरतात, मग तिरकस गुणाकार, इकडचं तिकडं, आणि शेवटी १ = १ आलं की खाली डा.बा. = उ.बा. (डावी बाजू = उजवी बाजू) लिहून मोकळी. अहो पण ह्यात सिद्ध काय झालं? -१ = १ असं लिहा आणि दोन्हीकडं वर्ग करा, तिथं पण १ = १ च येतंय की. शेवटून उलटं वर जाता येत असेल तर ठीक आहे, पण मग तसं लिहायला पाहिजे, ते कोण लिहितंय?

काहीजण थीटाला, म्हणजे कोनाला, एखादी किंमत घालून बघतात आणि जमलं की झालं म्हणतात. साइन थीटा अधिक कॉस थीटा बरोबर १, हे ० अंशाला जमतं, ९० ला पण जमतं, ३० घातलं की १.३६६ येतं, म्हणजे खोटंच. तरी किंमत घालायची सवय चांगलीच आहे, फक्त सोडवायच्या आधी घाला आणि ३० किंवा ६० घाला. ४५ नको, तिथं साइन आणि कॉस सारखेच असतात त्यामुळं अदलाबदल झाली तरी कळत नाही. एका गाईडात अधिकच्या जागी वजा छापलेलं, ते सोडवत बसून एक पोरगी रडकुंडीला आलेली, आधी ३० घातलं असतं तर लगेच कळलं असतं.

कॉस थीटा भागिले (१ वजा साइन थीटा), हे (१ अधिक साइन थीटा) भागिले कॉस थीटा एवढं आहे हे दाखवायचंय समजा. डावी बाजू एकटीच घ्यायची, अंश-छेदाला (१ अधिक साइन थीटा) नं गुणायचं, छेदात १ वजा साइन वर्ग झाला म्हणजेच कॉस वर्ग, एक कॉस कटला, उजवी बाजू आलीच. पण हे गुणायचं सुचलं कसं? छेदात '१ वजा' दिसलं की '१ अधिक' जोडीला आणायचं, म्हणजे वर्गांची वजाबाकी होते आणि पायथागोरसवरून आलेलं साइन वर्ग अधिक कॉस वर्ग बरोबर १ वापरता येतं. हे वर्गात सांगा हो, खरं गणित इथंच आहे! आणि ९० अंशाला दोन्ही छेद शून्य होतात, तिथं ह्या विधानाला अर्थच नाही, हे पण सांगा.

शाळांना विनंती, १ = १ वाल्या उत्तराला निदान प्रिलिमला तरी पूर्ण मार्क देऊ नका. आणि तुमच्या पेपरात दहावीचं मार्गदर्शन येतं त्यात दहा उत्तरं छापण्यापेक्षा एकच गणित घ्या आणि प्रत्येक पायरी का घेतली ते शेजारी छापा.

आपला,
गणित शिकवणारा एक वाचक, कोल्हापूर